थळला जेवायला येताय? मग आधी फोन करा

अलिबागच्या उत्तरेला पाच-सहा किलोमीटरवर थळ आहे. कुणाला ते आरसीएफच्या खत कारखान्यामुळे माहीत असतं, कुणाला समोर समुद्रात दिसणाऱ्या खांदेरी-उंदेरी या जलदुर्गांमुळे. शनिवार-रविवारी गाड्या भरभरून जे येतात, त्यांना मात्र मासळीचं जेवण हवं असतं. हे जेवण थळला आणि शेजारच्या नवगाव, किहीम, वरसोली भागात बरंचसं घरगुती खाणावळीत मिळतं. घरगुती खाणावळ म्हणजे कुणाच्या तरी राहत्या घराची पडवी किंवा अंगणात घातलेली शेड, चार-सहा टेबलं, आणि आत स्वयंपाकाला घरचीच बाई, हाताशी सून नाहीतर जाऊ.

पहिल्यांदा येणाऱ्यांचा गोंधळ होतो तो एकाच गोष्टीमुळे. हॉटेलात काय खायचं ते आपण ठरवतो आणि स्वयंपाकघर ते पुरवतं. इथं उलट आहे. काय शिजणार ते सकाळी बंदरावर ठरतं. किती जण येणार, एवढंच आपल्या हातात. हे मनाशी धरलं की बाकीचं सोपं जातं. तरी अगदी पहिल्यापासून, क्रमाने सांगतो.

सुरुवात दिवसापासून. रविवार सगळ्यांच्याच सोयीचा, म्हणून त्या दिवशी सगळ्यांचीच गैरसोय होते. दीड ते अडीचच्या दरम्यान दहा गाड्या एकाच दारात उभ्या राहतात आणि आत चूल दोनच. बुधवार आणि शुक्रवार हे आपल्याकडे मासळीचे वार, तेव्हा गावातलंच गिऱ्हाईक जास्त. सोमवार, गुरुवार, शनिवार बरीच घरं पाळतात. पण होडीला वार कळत नाही, मासळी त्या दिवशीही येतेच. आपण वार पाळत नसाल तर सोमवारी किंवा गुरुवारी या. मासळी निवडून मिळते आणि वाढणाऱ्या बाईला आपल्याशी दोन शब्द बोलायला सवड असते. फक्त खाणावळवाल्यांच्या घरी वार पाळतात का, तेवढं आधी विचारा.

काही दिवस टाळलेलेच बरे. होळीला, म्हणजे इथल्या शिमग्याला, कोळीवाड्यातल्या होड्या सजून किनाऱ्यावर उभ्या असतात. गणपतीत घरात पाहुणे असतात, खाणावळ बंद. श्रावणात निम्म्या चुली मासळीला शिवत नाहीत.

आता सगळ्यांत महत्त्वाची तारीख. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दरवर्षी १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. हा मासळीच्या विणीचा काळ, आणि समुद्रही खवळलेला. वल्ह्या-शिडाच्या लहान होड्यांना ही बंदी लागू नाही, पण त्या काठाकाठानेच फिरतात. म्हणून जूनमध्ये कुणी आपल्याला 'सकाळचं ताजं पापलेट' म्हणून ताट वाढलं, तर ते बहुधा शीतगृहातलं आहे असं समजावं. शीतगृहातली मासळी वाईट असते असं नाही. तिला ताज्याचा भाव देऊ नये, इतकंच.

त्या दोन महिन्यांत थळला येऊच नये का? जरूर यावं, पण वेगळं खायला. पहिल्या पावसात शेतात चढणारे वलगणीचे मासे, खाडीतल्या चिंबोऱ्या, उन्हाळ्यात वाळवून ठेवलेले सुके बोंबील, सुकट. आणि नशीब असेल तर जिताडा. जिताडा समुद्रातही राहतो आणि मचूळ पाण्यातही. अलिबाग-पेणच्या खारपट्ट्यात तो गावतळ्यांत आणि शेततळ्यांत वाढवण्याची जुनी रीत आहे. जावई आला की जिताडा, असं इथं मानतात. त्याचा भाव ऐकून दचकू नका.

दिवस ठरला की पंचांग उघडा. थट्टा नाही. मासळीचं गणित तिथीवर चालतं. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास भरती-ओहोटी मोठी असते, पाण्याला ओढ असते. त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमाराला पाणी कमी चढतं, कमी उतरतं. तो भांग. आता बोंबील, मांदेली, जवळा, कोलंबी ही मासळी मुख्यतः डोल जाळ्यात मिळते. डोल म्हणजे लांब पिशवीसारखं जाळं. ते समुद्रात रोवलेल्या खुंटांना, तोंड प्रवाहाकडे करून बांधतात. पाणी जोरात वाहिलं की मासळी आपोआप पिशवीत जाते. पाणी सुस्त, तर पिशवीही सुस्त. म्हणून ओल्या बोंबलांची आस असेल तर उधाणाचे दिवस धरा. पापलेट, सुरमई, रावस ही मासळी दूरच्या पाण्यात निराळ्या जाळ्यांनी धरतात, तिचा हिशेब वेगळा.

भरतीची वेळ काढायचा जुना ठोकताळाही सांगून ठेवतो. तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पहाटे आणि संध्याकाळी सहाच्या आसपास भरती, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दहा-वीस मिनिटं, कधी थोडं जास्त इकडेतिकडे होतं, पण ढोबळ अंदाजाला पुरतं. ओहोटीला उथळ किनाऱ्यापर्यंत होडी येत नाही, पाणी चढेपर्यंत बाहेर थांबते. तेव्हा 'सकाळी नऊला मासळी आली असेलच' हे आपलं शहरी घड्याळ झालं. जेवणाआधी खांदेरीला जाऊन यायचं असेल तरीही हेच पंचांग लागतं. होडी थळहूनच सुटते आणि तीही पाणी बघून. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतलेला हा दुर्ग २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला, तेव्हापासून चौकशी करणारे वाढले आहेत.

आता फोन. आदल्या संध्याकाळी एक, आणि निघताना सकाळी दहाच्या सुमारास दुसरा. पहिल्या फोनवर चार गोष्टी सांगा: मोठी माणसं किती, मुलं किती, शाकाहारी कुणी आहे का, आणि पोहोचणार किती वाजता. आकडा नेमका सांगा. 'आठ-दहा जण' हा आकडा नव्हे. मासळी नगावर किंवा वाट्यावर घेतात. वाटा म्हणजे फळीवर मांडलेला छोटा ढीग, तो मोडून मिळत नाही. आपण दहा सांगून सहाच आलात, तर चार माणसांची मासळी त्या घराच्या अंगावर पडते. हॉटेलाला हे पचतं, घराला पचत नाही.

दुसऱ्या फोनवर एकच प्रश्न: 'मावशी, आज काय आलंय?' इथं बहुतेक जण चुकतात. ते विचारतात, 'पापलेट आहे ना?' पाहुण्याला नाही म्हणायचं जिवावर येतं. मग मावशी अलिबागच्या बाजारातून, नाहीतर फ्रीजरमधून पापलेट आणवतात. आपल्याला पापलेट मिळतं, पण त्याच सकाळी दारात आलेली मांदेली दुसऱ्याच्या ताटात जाते. पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्य मासा आहे, त्याच्याबद्दल मलाही आदर आहे. पण आपण थळपर्यंत येऊन मुंबईत कुठेही मिळणारं पापलेट खावं, हे मला पटत नाही. त्याच वर्षी राज्याने ५४ जातींच्या मासळीसाठी कमीत कमी लांबीही ठरवून दिली, म्हणजे त्याहून लहान पिल्लं धरायची नाहीत. ताटात तळहाताहून लहान पापलेटं दिसली तर दुसऱ्यांदा मागू नका.

'आज काय आलंय' याचं उत्तर मिळालं, पण नावं ओळखीची नसली तर काय घ्यावं? आपल्याबरोबर कोण आहे त्यावर ठरवा.

मुलं आणि काट्यांना घाबरणारी माणसं असतील तर सुरमई किंवा हलवा. सुरमईच्या तुकडीत मधोमध एकच मोठा काटा, तो उचलून बाजूला ठेवला की झालं.    

बोंबील ओला असेल तर तो तळलेलाच घ्या. ह्या माशात पाणीच पाणी असतं. मध्ये चिरून, काटा काढून, वर पाटा किंवा वजन ठेवून ते पाणी दाबून काढावं लागतं. मग मसाला, मग तांदळाचं पीठ किंवा रवा. घाईत पाणी नीट काढलं नाही की तव्यावर तो मऊ पडतो आणि तेल पितो. म्हणून बोंबील हवा असल्याचं फोनवरच सांगावं. जेवायला बसल्यावर आठवण झाली तर तो कुरकुरीत होणार नाही, त्यात मावशींचा दोष नाही.

मांदेली बोटाएवढी, सोनेरी. डोकं काढून कडक तळलेली असली तर काट्यासकट चावून खातात. लहान मुलांना मात्र एक-एक, बघून द्यावी. करली चवीला उत्तम पण काट्यांचं जाळं. गप्पा मारत जेवायची सवय असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

चिंबोरी, म्हणजे खेकडा, हा निवांत दुपारचा पदार्थ. अमावास्येच्या सुमाराची चिंबोरी भरलेली आणि पौर्णिमेची पोकळ, असं इथले जाणते सांगतात. नांगी फोडायला अडकित्ता मागा, कुणी हसणार नाही. पांढरा सदरा घालून येऊ नका. तिसऱ्या म्हणजे छोटे शिंपले. शिजल्यावर ज्या शिंपल्याचं तोंड उघडलेलं नसेल तो दाताने-चमच्याने उघडत बसू नये, बाजूला ठेवून द्यावा.

पोहोचल्यावर टोपली दाखवली तर ताजेपणा कसा ओळखायचा? डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लालभडक, अंगावर बोट दाबलं तर खळगा न राहता मांस परत वर येणारं. वास समुद्राचा यावा, उग्र नव्हे. कल्ले म्हणजे माशाच्या डोक्यामागची झाकणं उचलल्यावर दिसणारे श्वासाचे लाल पडदे. पण हे सगळं उलथंपालथं करून, नाक मुरडत तपासायचं नसतं. एकदा नजर टाकली तरी पुरे.

दराचं बोलणं जेवणाआधी करा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. वाद बहुतेक तीन ठिकाणी होतात. ताटात तळलेली तुकडी एक की दोन. दुसऱ्यांदा काय वाढतात आणि कशाचे वेगळे पैसे. साधारणपणे कालवण आणि भात परत वाढतात, तळलेली तुकडी नाही, भाकरीचं घरोघरी वेगळं. आणि तिसरं म्हणजे अख्खं पापलेट किंवा चिंबोरी. यांचा भाव त्या दिवशीच्या खरेदीवर आणि आकारावर असतो, फलकावर लिहिलेला नसतो. 'एक मोठं घ्या' म्हणण्याआधी 'मोठं म्हणजे केवढ्याला?' हे विचारलं की नंतर दोन्हीकडे तोंड कडू होत नाही.

सांगितलेल्या वेळेला पोहोचलात तरी वीस-पंचवीस मिनिटं बसावं लागेल. कालवण तयार असतं, पण तळण आणि भाकरी माणूस दारात दिसल्याशिवाय सुरू करत नाहीत. करूही नये. तळलेला मासा ठेवला की मेला, आणि तांदळाची भाकरी गार झाली की वातड. या वेळात चार वेळा आत डोकावून 'झालं का' विचारू नका. किनाऱ्यावर चक्कर मारून या. आणखी एक: हे घर आहे. गाडीतल्या बाटल्या टेबलावर आणू नयेत. कुणी स्पष्ट बोलत नाही, पण पुढच्या वेळी आपला फोन आल्यावर 'आज जागा नाही' असं उत्तर मिळतं.

ताट आलं. डावीकडे कांदा-लिंबू, एखादी सुकटीची किंवा जवळ्याची चटणी. फेब्रुवारी-मार्चनंतर आलात तर कांदा पांढरा असेल. अलिबागचा पांढरा कांदा भातानंतरच्या शेतात होतो, कार्ले-खंडाळे भागातला विशेष नावाजलेला. तो कमी तिखट, जरा गोडसर असतो आणि त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. म्हणजे ते नाव या भागात पिकलेल्या कांद्यालाच लावता येतं. रस्त्याकडेला त्याच्याच माळा टांगलेल्या दिसतात.

वाटीत कालवण, म्हणजे रस्सा. मालवणी जेवणाची सवय असलेल्यांना इथं पहिला घास अनोळखी वाटतो. मालवणीत ओल्या खोबऱ्याचं वाटण भरपूर. इथल्या कोळी-आगरी घरांत बऱ्याचदा खोबरं नसतंच, असलं तरी बेताचं. लसूण ठेचून, घरचा मसाला, आणि आंबटाला चिंच, कोकम किंवा हंगामात कैरी. रस्सा पातळ दिसतो आणि अंगावर येतो. तो मसाला उन्हाळ्यात दोन-तीन जातींच्या मिरच्या आणि गरम मसाला कुटून वर्षभराचा करून ठेवलेला असतो, त्यामुळे प्रत्येक घरच्या कालवणाचा रंग निराळा. तिखट सोसत नसेल तर फोनवर सांगायचं होतं. आता रश्श्यात पाणी घालून मागू नका. भातावर कमी घ्या, आणि सोलकढी जवळ ठेवा.

खाण्याचा क्रम माझ्या मताने असा. तळलेली तुकडी गरम आहे तोवर आधी ती, भाकरीच्या तुकड्याबरोबर, मध्येच चटणीचं बोट. भाकरी मोडून कालवणात बुडवायची ती दुसरी. भात शेवटी, उरलेल्या कालवणाबरोबर. अख्खा मासा असेल तर पाठीच्या कण्यावरून बोटाने मांस दोन्हीकडे सोडवायचं, वरची बाजू संपली की कणा शेपटीकडून एका ओढीत उचलायचा आणि खालची बाजू खायची. उलटापालटा करत बसलं की काटे मांसात मिसळतात. काटा घशात टोचलाच तर भाताचे गोळे गिळून तो ढकलायचा उपाय घरोघरी सांगतात, पण काटा आणखी रुतू शकतो. थांबावं, खोकून पाहावं, आणि टोचणं राहिलं तर अलिबागला डॉक्टरकडे जावं.

घोळक्यात शाकाहारी माणूस असला तर त्याला 'बटाट्याची भाजी चालेल ना' म्हणून वाऱ्यावर सोडू नका. वाल हे रायगडचं कडधान्य आहे. आदल्या संध्याकाळी फोनवर सांगितलंत, आणि घरात मोड आलेले वाल असतील, तर डाळिंब्यांचं, म्हणजे सोललेल्या वालांचं, बिरडं मिळेल. वालाला मोड यायला आणि सोलायला वेळ लागतो, ऐन वेळी ते होत नाही. हिवाळ्यात आलात तर संध्याकाळी पोपटीची चौकशी करा. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, कोंबडी, मीठ-ओवा असं भरून तोंड पाल्याने बंद करतात, मडकं उपडं ठेवून भोवती आग पेटवतात. पाण्याचा थेंब नाही. शाकाहाऱ्यांसाठी वेगळं मडकं लावतात, पण ते वेगळं सांगावं लागतं.

सोलकढी जेवणाच्या शेवटी प्या, आधी नको. ती थंडगार लागते म्हणून मुलं सुरुवातीलाच दोन ग्लास रिचवतात आणि मग ताट तसंच राहतं.

पैसे देताना मोबाइलवरून देता येतात, पण गर्दीच्या दिवशी नेटवर्क दगा देतं, थोडी रोकड असू द्या. सुकी मासळी न्यायची असेल तर मावशींनाच विचारा, त्यांच्या ओळखीत कुणी ना कुणी विकणारं असतं. सुका बोंबील हातात घेतल्यावर तो खडखडीत हवा. वाकला तर पुरता वाळलेला नाही, घरी जाऊन बुरशी धरेल. जवळ्यात वाळू आहे का ते मूठभर तळहातावर चोळून बघा. आणि बांधून घेताना दोन पिशव्या मागा, विशेषतः आपण लाँचने परतणार असाल तर.

परतीचं एक सांगायचं राहिलं. मुंबईचं गेटवे ते इकडचं मांडवा या लाँच पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी रो-रो, म्हणजे गाडीसकट माणसं नेणारी बोट, २०२० पासून सुरू आहे, पण तिचं वेळापत्रकही हवामान बघून बदलतं. संध्याकाळच्या बोटीची वेळ सकाळीच विचारून घ्या आणि थळहून निदान सव्वा तास आधी निघा. रविवारी चोंढीच्या नाक्यावर गाड्या अडकतात, आणि त्या दिवशी जेवणही उशिराच आटोपतं.